स्वयंपाकघरात लपवलेले दोन फौजी

आमचे हे पेन्शन घेऊन लोह्याजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा पलटणीतून एक काळी पेटी, एक घोंगडी आणि दोन दोस्त घेऊन आले. पेटी आणि घोंगडी कोपऱ्यात पडून राहिली. दोस्त मात्र येत राहिले. पलटणीत ते एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायचे. एक धर्माबाद, दुसरा हिमायतनगर, आणि आमचे हे लोहा. मीही मग धर्माबादचे भाऊजी, हिमायतनगरचे भाऊजी असंच म्हणायला लागले, ते आजपर्यंत.

मला तेव्हा ते दोघं बिलकुल आवडत नसत. मी सातवी पास, म्हणजे माझ्या मते गल्लीतली पंडिता. फौजी म्हणजे मिशीला पीळ देत बंदुकीच्या गोष्टी सांगणारा गडी, अशी माझी समजूत. आणि हे दोघं आले की पहिलं काम काय, तर चुलीतली राख घेऊन माझी भांडी घासायला बसायचे. हिमायतनगरचे भाऊजी पलटणीत लंगर सांभाळायचे, म्हणजे शेकडो जवानांचा स्वयंपाक. माझी भाकर हातात उलटीपालटी करून विचारायचे, "वहिनी, ही खायाची का लढाईला न्यायाची?" मी दोन-दोन दिवस बोलायची नाही. मी बोलत नाही हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही, हे जास्त लागायचं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि आमच्याकडे लागोपाठ दुसऱ्या साली पाऊस फिरकला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या नणंदेला लातूरचं स्थळ आलं. मुलगा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून. आधी तिला तीन जण बघून गेले होते. पोहे खाऊन 'कळवतो' म्हणाले, ते अजून कळवून राहिलेत. नणंद उंच, तोंडानं सडेतोड, बालवाडीत शिकवायची. हेही स्थळ गेलं तर पोर घरातच राहील, ही धास्ती सासूबाईंनी घेतलेली. नणंद बोलत काही नव्हती, पण त्या आठवड्यात बालवाडीतली लेकरं रोज तेच ते एक गाणं म्हणत होती.

पाहुण्यांना पुरणपोळी मी करणार, असं मी सगळ्यांपुढं जाहीर केलं. मग आधी एकदा करून बघावी म्हणून डाळ शिजत घातली. सकाळी घातलेली डाळ संध्याकाळीही पातेल्यात खडखड वाजत होती. बोअरचं पाणी जड, टँकरचंही तसलंच. त्यात डाळ शिजेचना. ह्यांनी मला काही न बोलता धर्माबादच्या बसच्या कंडक्टरजवळ दोघांसाठी निरोप धाडला.

पाहुणे यायच्या दिवशी उजाडताच दोघं दारात हजर. धर्माबादच्या भाऊजींच्या खांद्यावर कॅन. गोदावरीच्या कोरड्या पात्रात झिरा खोदून वाटी-वाटीनं भरलेलं पाणी.

"बसमध्ये लोकं मागून राहिले होते," ते म्हणाले. "एका लेकराला पाजलं. बाकीच्यांना म्हटलं, हे बहिणीच्या डाळीचं हाय."

धर्माबादचे भाऊजी शेतीवाडीवाले, त्यांच्या गावात मानाचं घर. आम्ही जयभीमवाले. आमच्याकडं त्यांचं येणं-जाणं, खाणं-पिणं त्यांच्या भावकीला खपत नव्हतं, हे मला ह्यांच्याकडून कळलं. त्यांनी स्वतः कधी तोंडातून काढलं नाही. आले की सरळ चुलीपाशी बसायचे. हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी दोघं येतात. काय कमी आहे असं विचारत नाहीत. डबे उघडून बघतात आणि पुढच्या खेपेला घेऊन येतात.

तर त्या दिवशी डाळ शिजली आणि दोघं पोळ्यांना बसले. सासूबाई घाबरल्या. "पाव्हण्यांना दिसू देऊ नको गं. घरात तीन बाया असून मिशाळ गडी पोळ्या लाटतेत म्हणतील. पोरीला वळण न्हाई म्हणतील."

मी स्वयंपाकघराच्या दाराला लुगडं बांधलं. "आवाज करायचा नाही," असं दोन फौजी माणसांना बजावलं. हिमायतनगरच्या भाऊजींनी बसल्या जागी सलाम ठोकला.

पाहुणे जेवले. मुलाची आई पोळी मोडता मोडता म्हणाली, "लई मऊ झाल्यात. कुणी केल्या?"

"मीच," मी मान खाली घालून म्हणाले. लाजणं मला फार छान जमायचं.

"मग दाखवा की, कशा लाटता," म्हणत बाई उठल्याच.

"आत धूर हाय."

"आमच्या घरी काय अत्तर हाय का?" त्यांनी लुगडं बाजूला सारलं.

आत धर्माबादचे भाऊजी लाटणं घेऊन सावधानमध्ये उभे राहिले. सासूबाई होत्या तिथंच खाली बसल्या. हे पुढं झाले.

"माझे भाऊ हायत," हे म्हणाले. "एका ताटात जेवलो आम्ही. हितं डाळ शिजना म्हणून नदीचं पाणी घिऊन आलेत."

बाईंनी माझ्याकडं निवांत बघितलं. "आन तुम्ही काय केलं?"

"मी तूप वाढलं."

बाई हसल्या नाहीत. मागं वळून लेकाला हाक मारली. "इकडं ये. बघ, कशा लाटतेत. बस तिथं."

"बसा सायेब," म्हणत धर्माबादच्या भाऊजींनी लाटणं पुढं केलं. पांढऱ्या शर्टातला कारकून मांडी घालून बसला. त्याची पोळी चारी बाजूंनी फाटली, पुरण बाहेर आलं. जिला बघायला पाहुणे आले होते आणि जिनं मान वर करायची नव्हती, ती नणंद माझ्या मागून म्हणाली, "हा नव्या जिल्ह्याचा नकाशा का?"

सासूबाईंनी डोळे मिटले.

"हद्दी पक्क्या व्हायच्यात अजून," मुलगा म्हणाला आणि दुसरा उंडा घेतला.

हिमायतनगरच्या भाऊजींनी ती फाटकी पोळी जपून तव्यावर टाकली, भाजली. नणंदेनं पुढं होऊन ताट धरलं, पोळी घेतली आणि तिथंच, सगळ्यांदेखत, खायला बसली. भाऊजींनी वरून तुपाची धार सोडली आणि दारात उभ्या असलेल्या ह्यांच्याकडं बघून हळूच, 'जमलं' म्हणावं तशी मान हलवली.