विमानातली मेंबरकी

माझ्या साडूकडे विमान कंपनीचं सोनेरी कार्ड आहे, ही गोष्ट मला आमच्या लग्नाची बोलणी चालू असतानाच कळली होती. मुलीच्या मोठ्या बहिणीचे मालक पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत, सारखे विमानात असतात, त्यांची रांगच वेगळी असते, असं तुमसरचे सासरकडचे लोक मला कौतुकानं सांगत. मी नाकाडोंगरीचा, राइस मिलमधली तांदूळ निवडायची मशीन दुरुस्त करणारा माणूस. सासरी पहिला पाट त्याचा, पहिलं गरम पाणी त्याचं आणि मटणातली नळीही त्याचीच. त्याचं मला काही वाटत नव्हतं. मोठ्या जावयाचा मान असतो, तो त्यानं खुशाल घ्यावा.

डोक्यात तिडीक गेली ती नागपूरच्या विमानतळावर.

मेव्हण्याचं लग्न बंगलोरला होतं. बायको आधीच तिकडे गेली होती. साडू आणि त्याची बायको तुमसरला आले होते, म्हणून आम्ही एकाच विमानानं निघालो. माझ्यासोबत माझी आई होती, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी. लग्नघरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून तिनं आमच्या धानाच्या बांधीतल्या चिन्नोर तांदळाची थैली लुगड्यांच्या मधोमध कोंबली होती. काउंटरवर बॅग वजनाला जास्त भरली.

शेजारच्या वेगळ्या काउंटरवर साडू उभा होता. सोबत एक चिमुकली बॅग. आपल्या कार्डावर जास्तीचं वजन चालतं, हे येताना गाडीत त्यानंच आम्हाला ऐकवलं होतं. मी म्हटलं, "दादा, एवढी थैली तुमच्या सामानात घेता का?"

"अरे, ते फक्त मेंबरसाठी असतं," तो म्हणाला.

त्याच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, तुम्ही सगळे एकत्र आहात का? त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही, हे आमच्यासोबत नाहीत."

आईला फरशीवर बसून बॅग उघडावी लागली. घाईत थैलीची गाठ सुटली आणि तांदूळ सांडला. मागच्या लोकांच्या बॅगांची चाकं त्या तांदळावरून गेली. आई पदरात दाणे गोळा करत होती आणि दिसेल त्याला म्हणत होती, "माफ करजा बाबू, माफ करजा." साडू फोनमध्ये डोकं घालून उभा होता. त्याच्या बायकोनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या दोघांना मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

विमानात आईनं खिडकीबाहेर पाहिलंच नाही. मग तिनं हळूच विचारलं, "तुहा साडू कोन्या वार्डाचा मेंबर हाय?"

आमच्याकडे मेंबर म्हणजे ग्रामपंचायतीचा. दुसऱ्या प्रकारचा मेंबर गावात कुणी पाहिलेला नाही. मी म्हटलं, "तो विमानाचा मेंबर आहे."

"त्याचीबी निवडणूक रायते?"

"रायते," मी म्हटलं. समजावून सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

"मंग तू काहून नाई उभा रायत?"

मी उभा राहिलो. ज्या कंपनीच्या काउंटरवर आईचा अपमान झाला, त्याच कंपनीच्या कार्डासाठी नाव नोंदवलं; उडून पुरेसे पॉइंट जमले की ते सोनेरी होतं. मित्र म्हणाले, अरे, दुसरी कंपनी धर. पण साडूला ज्या रांगेचा माज होता, मला तीच रांग हवी होती. मशीन दुरुस्तीसाठी मला कधी लुधियाना, कधी तंजावर, कधी बंगालातल्या मिलमध्ये जावं लागे. ऑफिस स्वस्तात स्वस्त तिकीट काढायचं. मी बुकिंगवाल्याशी भांडून, चहा पाजून, पाया पडून प्रत्येक तिकीट याच कंपनीचं काढायला लावलं. नागपूरहून कोलकात्याला सरळ जाता येत असताना मी दिल्लीला वळसा घालून गेलो, कारण दोन विमानं म्हणजे जास्त पॉइंट. एखाद्या प्रवासाचे पॉइंट खात्यात चढले नाहीत की ईमेलवर ईमेल टाकून कंपनीला भंडावून सोडायचो. कंबर धरायची, कान दुखायचे. तेव्हा मी साडूचा तो फोनमध्ये घातलेला चेहरा आठवायचो आणि पुढचं विमान पकडायचो.

इकडे आईनं गावात सांगून टाकलं, "पोरगं मेंबरकीले उभं हाय." झालं! लोक नालीच्या आणि घरकुलाच्या तक्रारी घेऊन दारात यायला लागले. आमच्या वार्डाचा खरा मेंबर एक दिवस घाबराघुबरा घरी आला आणि म्हणाला, "भाऊ, आपलं तं जमते ना? मंग माह्या विरोधात कायले उभा होऊन राहिला?" त्याला कार्ड, पॉइंट, रांग असं सगळं समजावलं. जाताना तो म्हणाला, "म्हंजे पाच वर्साची नाई, दरसालची निवडणूक हाय थे. कठीन काम हाय." इतकं नेमकं मला कंपनीच्या माणसानंही सांगितलं नव्हतं. वर्षभरात पुरेसं उडालं नाही की कार्ड खाली येतं.

माझं सोनेरी कार्ड आलं त्या सुमारास साडूचं गेलं. त्याच्या ऑफिसनं प्रवास बंद करून सगळ्या मीटिंगा पडद्यावर आणल्या होत्या. मेव्हणीनं ते माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं मला. मला झालेला आनंद तिला दिसू नये म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

त्या दिवाळीला साडू तुमसरला आला होता. भाऊबीज झाली की सगळ्यांनी मेव्हण्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला बंगलोरला जायचं ठरलं. मी मुद्दाम त्याच्याच विमानाची तिकिटं काढली. माझं, बायकोचं आणि आईचं. आई ऐकेना. "मी नाई येत त्या इमानात. मले लोकायच्या पायात बसाचं नाई." हेच तर मला पुसून काढायचं होतं. आई आली नसती तर माझं कार्ड नुसतं प्लास्टिक होतं.

"आता आपण मेंबर आहोत, आई," मी म्हटलं.

"तो येऊन राहिला का?"

"येऊन राहिला."

"मंग चाल."

मला काय बोलायचं होतं ते ठरलेलं होतं. त्याचंच वाक्य त्याच्याच तोंडावर मारायचं. कितीतरी हॉटेलांच्या आरशांसमोर मी ते घोकलं होतं. आणि दैव असं की साडू आपणहून चालत आला. वास्तुशांतीच्या तांब्याच्या भांड्यांनी त्याची बॅग जड भरली होती. लांब रांगेतून बाहेर पडून, कसंनुसं हसत तो आमच्या काउंटरशी येऊन म्हणाला, "अरे, तुझ्या कार्डावर होईल ना हे?"

काउंटरवरच्या मुलीनं मला विचारलं, "हे तुमच्यासोबत आहेत का?"

मी तोंड उघडलं, तोच आई म्हणाली, "हो बाई, आमच्यासंगच हायेत. आमचे जावई."

माझी इतक्या वर्षांची तयारी मातीत गेली. त्याची बॅग माझ्या नावावर चढून आतही गेली. मला आईचा असा राग आला की बस. साडू सुटल्यासारखा हसला. "थँक यू, मावशी."

मग आई बोलली. बांधीच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी, तेवढ्या आवाजात. "पन जावईबापू, तुमी तं मेंबर होते ना? कोनं पाडलं तुमाले?"

लांब रांगेतल्या माना वळल्या.

"नाही मावशी, ते तसं नसतं..."

"आमच्या पोराच्या विरोधात उभे होते का? मंग डिपॉझिटबी गेलं असन."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. काउंटरवरची मुलगी काहीतरी शोधायला खाली वाकली ती वर येईना. साडूचे कान लाल झाले होते. आईनं मायेनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "रायते तसं, बापू. मानूस पडला का दुसऱ्याच्या नावावर जा लागते. या तुमी आमच्या मांगं मांगं."

तो आला नाही. बोर्डिंग पास घ्यायला आपल्या लांब रांगेत जाऊन उभा राहिला, फोन न काढता.

नंतर आई लाउंजमध्ये सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मी विचारलं, "आई, तुला खरंच वाटत होतं का की निवडणूक असते?"

"मी का येडी हाओ?" ती म्हणाली. "तू बोलला अस्ता तं भांडन झालं अस्तं. मी अडानी बाई, मले तो का म्हननार?"

विमानात आम्ही सगळ्यांच्या आधी चढलो, पहिल्या ओळीत बसलो. साडू हातातली छोटी बॅग सावरत, मान खाली घालून आमच्या बाजूनं मागे गेला. आई खिडकीबाहेर पाहत होती. तो पुरता मागे पोचल्यावर तिनं माझा हात ओढला आणि विचारलं, "उतरतानाबी आपनच समोर ना?"