राखलेला मासा

मत्स्य खात्यातल्या त्या अधिकाऱ्याला बंदरावर सगळे 'बैठकवाले' म्हणत. एका समुद्राच्या काठचे देश दरवर्षी एकत्र बसून कोणी किती मासा धरायचा ते ठरवत, आणि त्या चर्चेच्या गुऱ्हाळात आपल्या देशाच्या पाटीमागे बसणं ही त्यांची नोकरी. सगळं आयुष्य खुर्चीत गेलं. केस गेले, कंबर गेली, बैठका तेवढ्या उरल्या.

मासा आटला तेव्हा त्यांनीच बंदरावर येऊन हात जोडले होते. "थोडी कळ काढा. जाळी गुंडाळून ठेवा, मासा वाढू द्या." सगळ्यांत आधी जाळं गुंडाळलं ते त्यांच्या थोरल्या भावानं. मग इतरांनीही मुकाट्यानं बोटी बांधल्या. बाकीचे देश मात्र ओरबाडत राहिले.

अखेर मासा परतला. यंदा नवे हिस्से ठरले, तेही मागच्या काही वर्षांत ज्यानं जितका धरला त्या प्रमाणात. म्हणजे ओरबाडणाऱ्यांना घसघशीत वाटा आणि राखणाऱ्यांना चिमूटभर. बैठकवाले घसा बसेपर्यंत भांडले. मग चहाची सुट्टी झाली. आयत्या बिळावरचे नागोबा चहा पिताना फार सभ्य दिसतात.

परतल्यावर ते स्वतःच्या घरी न जाता थेट भावाकडे गेले. दादा ओसरीत जाळं दुरुस्त करत बसला होता. वहिनीनं पाणी आणून दिलं, पण ते पिववेना.

"दादा, हिस्सा फार थोडा मिळाला. तुझी बोट यंदाही बांधलेलीच राहणार."

दादाची सुई थांबली. "का रे? मासा तर आलाय."

"आपण मधल्या काळात धरला नाही ना, म्हणून."

"म्हणजे तुझं ऐकलं नसतं तर?"

"मिळाला असता." शरमेनं त्यांना मान वर करवेना.

"आणि मासा?"

"तो उरलाच नसता."

दादानं सुई जाळ्यात खोचून ठेवली. भावावर चिडायचंही त्राण त्याच्यात राहिलं नव्हतं. "तिथे सांगायचंस तरी, की हा मासा आम्ही राखलाय म्हणून."

"सांगितलं, दादा."

"मग? काय म्हणाले?"

"आभार मानले."

दादानं सुई काढून घेतली आणि अर्धवट दुरुस्त झालेलं जाळं गुंडाळायला लागला. बैठकवाल्यांनी उठून दुसरं टोक धरलं.