मास्तरांनी घेतलेलं वकीलपत्र

चिडल्यावर आवाज खाली आणणारा एकच वकील आमच्या उदगीरच्या कोर्टात होता. बाकी आम्ही तापलो की बाररूम दणाणून जायची. मास्तर वकील मात्र जितके चिडत तितके हळू बोलत, त्यामुळे समोरच्याला कान पुढे करून स्वतःची खरडपट्टी ऐकून घ्यावी लागे. आमच्यातला एक जण एकदा व्हरांड्यात साक्षीदाराला पढवत होता. मास्तर त्याच्याजवळ जाऊन थांबले. "त्याला जे दिसलं ते त्याचं हाय. तुमचं त्यात घालू नका," एवढंच म्हणाले. तो गडी आठवडाभर बाररूमच्या दुसऱ्या दारानं ये-जा करत होता.

ते शाळामास्तर कधीच नव्हते. घराणं जुन्या मुसलमान कापडवाल्यांचं; वकिली करणारे घरातले ते पहिलेच. पण दर शनिवारी कोर्ट उठल्यावर ते आम्हा सनद घेतलेल्या वकिलांचाच वर्ग घ्यायचे. वकिलानं वागावं कसं, हा एकच विषय. वाटणीच्या दाव्यासाठी दोघे भाऊ तुमच्याकडेच आले तर काय कराल? पक्षकारानं सांगितलेलं त्याच्या बायकोनं विचारलं तर काय कराल? "कलमं मोबाइलात सापडतात. तुमची नियत त्यात दिसत न्हाई," असं ते म्हणत. मोठ्या शहरांतून याच विषयावर ऑनलाइन व्याख्यानं होत. तिथं आम्ही कॅमेरा बंद करून जेवून घ्यायचो. मास्तरांसमोर ती सोय नव्हती. उलट ते घरून डबाभर सुशीला आणत, आणि अर्धे जण वर्गाला नव्हे, त्या फोडणीच्या मुरमुऱ्यांना यायचे, हे त्यांनाही माहीत होतं.

निलंग्याकडचा बालाजी त्यांचा सर्वांत लाडका. त्याला ते 'बालाजीराव' म्हणत आणि सगळ्यात अवघड प्रश्न त्यालाच टाकत. ईदच्या शीरखुर्म्याचा पहिला डबाही त्याच्याकडे जाई. मी शिरूर अनंतपाळहून एसटीनं येणारी. मला उशीर झाला तर बालाजी माझी तारीख सांभाळून घ्यायचा. म्हणून पुढचं सगळं मला जास्त लागलं.

विरुद्ध बाजूनं उभ्या असलेल्या बालाजीमुळे एक वाळूचा टिप्परवाला खटला हरला. त्या रागात त्यानं कोर्टाच्या आवारातच बालाजीला मारलं. बालाजीचा उजवा हात मोडला. संध्याकाळी वकील मंडळानं ठराव केला: या माणसाचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. सगळ्यांत आधी हात मी वर केला. मास्तर तेव्हा नांदेडला मुलाकडे होते. ते परत आले आणि त्यांनी टिप्परवाल्याचं वकीलपत्र दाखल केलं.

मी तडक त्यांच्या घरी गेले.

"सर, हात मोडलाय बालाजीचा."

"हाव बेटा. दवाखान्यात बघून आलो. टिप्परवाल्याकडून मी उभा राहायलो, हे त्यालाच पहिलं सांगितलं."

"तो काय म्हणाला?"

"त्यानं तोंड फिरवलं."

"सर, तो माणूस गुंड आहे."

"हायच की." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "पण गुन्हा शाबीत झाला का? सगळ्यांनी दार लावलं तर त्यानं जावं कुठं? शनिवारी मी काय शिकवायलो तुम्हाला?"

मी चहा न घेता उठले. पुढच्या शनिवारी मास्तर सुशीलाचा डबा घेऊन बसले आणि कुणीच गेलं नाही. ते आले की खुर्च्या पाठमोऱ्या होत. काहींनी तर त्यांचा धर्म काढला. मास्तरांनी ते ऐकलं नसेल असं मला वाटत नाही.

फिर्यादीत लोखंडी गजानं मारल्याचं लिहिलं होतं. गज घालायला आमच्यातल्याच कुणीतरी सुचवलं होतं, म्हणजे शिक्षा वाढते. बालाजी साक्षीला उभा राहिला तेव्हा कोर्ट वकिलांनी भरलं होतं. मास्तर त्याला पहिल्यांदाच 'वकीलसाहेब' म्हणाले. "वकीलसाहेब, गज तुम्ही डोळ्यांनी पाहिला?" इतक्या हळू विचारलं की न्यायाधीशही पुढे झुकले. बालाजीनं आमच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "न्हाई," तो म्हणाला. "गज नव्हता. त्यानं बुक्क्या मारल्या, ढकललं. पायरीवर पडलो, तिथं हात मोडला." मास्तर लगेच खाली बसले. त्यांचा चेहरा जिंकलेल्या वकिलाचा नव्हता.

हात मोडल्याची शिक्षा टिप्परवाल्याला झाली, गजाची झाली नाही. पूर्ण सोडवलं नाही म्हणून त्यानं व्हरांड्यात मास्तरांनाच शिव्या घातल्या. आणि भर कोर्टात खोटं उघडं पडलं म्हणून बालाजीनं त्यांच्याशी बोलणं कायमचं टाकलं. जिन्यावर समोरासमोर आले की मास्तर बाजूला सरून त्याला वाट देत. ते बघवत नसे. वर्ग बंद पडला. मी मात्र पुन्हा त्यांच्याकडे जाऊ लागले, कारण बालाजीचं ते "न्हाई" ऐकल्यावर माझा राग टिकला नाही.

पुढे आजारपणात मुलानं त्यांना नांदेडला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा ते पार खंगले होते. कोर्टातलं, गावातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"बालाजीचा हात कसा हाय?"

"सरळ होत नाही पूर्ण. पण लिहितो."

"माझ्याबद्दल कधी काही बोलला?"

मला 'हो' म्हणता आलं असतं. त्यांना किती बरं वाटलं असतं, आणि कुणाचंही काही बिघडलं नसतं. पण त्यांच्यासमोर माझी जीभ वळेना.

"नाही, सर."

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा करायला त्यांनी सुनेला हाक मारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. आमच्याकडे आता लोक म्हणतात, मास्तरांची खरी विद्यार्थिनी हीच. ते ऐकलं की वाटतं, त्यांनी मला इतकं चांगलं शिकवायला नको होतं.