तिसऱ्या मजल्यावरची संगीता

नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच जून उजाडला आणि मला शाळा नव्हती. मे अखेर मी निवृत्त झालो होतो. घंटा ऐकू आली की पाय आपोआप वहाणा शोधत. बायकोने दोन दिवस हे पाहिले आणि बजावले, की घरात येरझारा घालून तिचे डोके उठवू नये, सुमनकडे जाऊन यावे. सुमन माझी मामेबहीण. विक्रोळीला महापालिकेच्या शाळेत ती शिक्षिका आहे. कोकम आणि कुळथाचे पीठ पिशवीत घालून मी रत्नागिरीहून एस.टी.त बसलो.

खाडीचा पूल ओलांडून गोवंडी आली, तशी कचऱ्याच्या डोंगराची दुर्गंधी गाडीत शिरली. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. त्या डोंगराला लागूनच झोपड्या होत्या आणि निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींची रांग रस्त्याच्या कडेने चालली होती. माझा रुमाल आपसूक खाली आला.

सुमनचा नवरा गिरणीत होता. संपानंतर विक्रोळीच्या एका कारखान्यात रखवालदार झाला. रात्री सुमनने पिठले-भात वाढला आणि आम्ही शाळांच्या गप्पांत रमलो. माझे आजोबा देवळाच्या ओसरीवर धूळपाटीवर (धूळ पसरलेल्या फळीवर) बोटाने गिरवत शिकले. तेव्हा गावातली निम्मी मुले त्या ओसरीवर चढूच शकत नव्हती. वडील लोकल बोर्डाच्या कौलारू शाळेत गेले. तिथे सगळ्यांना प्रवेश होता, पण काहींना दाराबाहेर बसवत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच खोलीत चार इयत्ता सांभाळल्या, आणि एका चटईवर सगळ्यांना बसवायला मला गावाशी भांडावे लागले. सुमन म्हणाली, तिची शाळा तीन मजली आहे, दर मजल्यावर वेगळ्या भाषेची शाळा, उद्या येऊन बघ.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. मराठी शाळा म्हणजे मानाची, ती वरच असणार, असे मी कुणालाही न विचारता ठरवून टाकले. दुसऱ्या मजल्यावर एका वर्गात डोकावलो, तर सगळी मुले उठून एका सुरात मला सलाम करती झाली. तो उर्दूचा मजला होता. ओशाळून आणखी वर गेलो. तो मजला तमिळ शाळेचा निघाला, फळ्यावरचे एक अक्षरही मला वाचता येईना. निरक्षर माणसाला कसे वाटत असेल, ते या वयात मला तिथे उमगले.

दाराशी बसलेली एक मुलगी माझ्या टोपीकडे बघून म्हणाली, "मराठी शाळा पार खाली हाय, गुरुजी."

ही जालन्याकडची बोली त्या तमिळ वर्गात कुठून आली? नाव विचारले तर संगीता. एवढे सांगून ती पुन्हा बाकीच्यांबरोबर तमिळ कविता म्हणू लागली, अगदी खणखणीत.

खाली येऊन सुमनला सांगितले, तशी त्याच संध्याकाळी ती माझ्यासह संगीताच्या घरी निघाली. तिची आई, लक्ष्मीबाई, कारखान्यात पॅकिंगला जाई आणि भल्या पहाटे घर सोडी. शेजारच्या पोन्नम्माने गेल्या वर्षी आपल्या मुलीला शाळेत घातले, तेव्हा संगीतालाही बरोबर नेले. तिची शाळा तिसऱ्या मजल्यावरची, म्हणून हीही तिसऱ्या मजल्यावर. गल्लीत खेळून संगीताला तमिळ येत होतेच, त्यामुळे तिथल्या मास्तरांना सुरुवातीला संशयही आला नाही. लक्ष्मीबाईने आम्हाला कोरा चहा दिला आणि पोन्नम्माने इडल्या आणून ठेवल्या. त्या खाताना कुणावर रागवावे तेच मला कळेना.

"तुम्हाला कळलं नाही, पोर काय शिकते ते?" सुमनने विचारले.

"मला कुठं वाचता येतंय, बाई? मला दोन्ही सारखंच. पोर शाळेत हाय, एवढंच मला ठावं."

संगीताला खाली आणायचे तर पहिलीपासून बसवतात, असे सुमनने सांगितले. लक्ष्मीबाईचा चेहरा उतरला. "हिचा बाप आधीच म्हणतो, धाकट्याला सांभाळायला हिला घरी ठेव. पुन्हा पहिलीत बसवली तर म्हणंल पोरगी ढ हाय. मग तिची शाळा सुटली बघा."

निघताना सुमनने लक्ष्मीबाईला संगीतासह सकाळी शाळेत यायला सांगितले. मी माझी अक्कल पाजळली नाही, जे मला फार क्वचित जमते.

सकाळी मोठ्या बाईंच्या (मुख्याध्यापिकांच्या) खोलीत आम्ही सगळे जमलो. संगीताला दुसरीत घ्यावे म्हणून सुमनने गळ घातली. बाईंनी फळ्यावर एक बेरीज मांडली, २४ अधिक १५. संगीता नुसती बघत राहिली. लक्ष्मीबाईने पदराचे टोक मुठीत आवळले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर, सेल्वराज, दारातून आत आले. त्यांच्या वर्गात आधीच मुले थोडी. एक गेली तरी तो वर्ग धोक्यात येणार होता. तरी त्यांनी खडू उचलला आणि तीच बेरीज इंग्रजी आकड्यांत लिहिली. तमिळ शाळेत तेच आकडे शिकवतात, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आले नव्हते. संगीताने क्षणात एकोणचाळीस लिहिले.

"लडकी को पढ़ना आता है, मॅडम," मास्तर म्हणाले. "अक्षर फक्त दुसरा शिकवा. पहिली में मत बिठाओ."

बाईंनी दुसरीत बसवायला सांगितले. मास्तरांनी स्वतः तिला सुमनच्या वर्गापर्यंत पोचवले, डोक्यावर हात ठेवला आणि जिना चढून गेले.

सुमनने तास सुरू केला. विहिरीत पडलेल्या शेळीची गोष्ट ती सांगत होती. लक्ष्मीबाईची कामाची वेळ टळून गेली होती, तरी ती व्हरांड्यात खिडकीशी खिळून उभी होती. उशीर होतोय, असे मी तिला हळूच म्हणालो.

"थांबा की, गुरुजी," ती म्हणाली. "वरीसभर पोर घरी येऊन घडाघडा म्हणायची, मी नुसती मान हलवायची. साळंत काय शिकवत्यात ते आज पयल्यांदा कळतंय मला. शेळी वर निघती का तेवढं ऐकून जाते."

परतीच्या एस.टी.त माझ्या मनात ओसरी, कौलारू शाळा, एका खोलीतल्या चार इयत्ता, सगळे एकामागून एक येऊन गेले. गावोगावच्या अशा ओसऱ्यांवर ज्यांना चढू दिले नाही, त्यांत लक्ष्मीबाईचे आजोबाही असतील. त्या सकाळी त्यांची नात शेळी वर निघेपर्यंत खिडकीपासून हलली नाही, आणि अर्ध्या दिवसाचा पगार गमावून कामावर गेली.