गुनवोरच्या खांद्याच्या मापाची स्कूटर

स्टॉकहोमच्या पार उत्तरेला असलेल्या ग्रान्सेले गावात प्रत्येक कुटुंबाला एक गॅरेज असतं आणि त्याला लागून, झोपायची सोय म्हणून, एक घर. गॅरेजमध्ये स्कूटर असते. स्कूटर म्हणजे बर्फावरची, पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली; दुसऱ्या कुठल्या स्कूटरची गावाला कल्पना नाही. हिवाळ्यात माणसं तिच्यावरून दुकानात जातात, सासुरवाडीला जातात आणि उरलेल्या वेळात तिच्या इंजिनाबद्दल बोलतात. त्यामुळे हेल्मेर नीलुंद दिवसभर गॅरेजमध्ये असतो, याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण हेल्मेर दार आतून लावून घ्यायचा. गॅरेजचं दार आतून लावणं हे ग्रान्सेलेत चर्चला न जाण्यापेक्षा गंभीर मानतात. चर्चला तसं कुणीच जात नाही.

हेल्मेरने जन्मभर जंगलात झाडं तोडणारी अवजड यंत्रं दुरुस्त केली आणि मग तो निवृत्त झाला. बोलणं बेताचं. लग्नासाठी मागणी घातली तीसुद्धा बोटीचं इंजिन उघडून बसलेला असताना, पाना मागता मागता. गुनवोरने आधी पाना दिला, मग होकार.

गुनवोर गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी जाऊन अंघोळी घालायची, औषधं द्यायची. अंगाने लहानखुरी, पण माणसं उचलून उचलून खांदे सुताराचे झालेले. वर्षभर ती लोकांची असायची. फक्त वसंतात, ऊन परत आलं आणि तळ्यांवरचा बर्फ अजून जाड असला, की सुट्टीच्या दिवशी एकटीच स्कूटर काढायची आणि झाडं संपतात त्याच्याही वर रीपतळ्यावर जायची. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, रेनडिअरचं कातडं अंथरायचं आणि तांबड्या पोटाचे मासे गळाला लागेपर्यंत बसायचं. नाही लागले तरी बसायचं. परत यायची ती तोंड रापून, डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी वर्तुळं घेऊन. मग आठवडाभर भांडी घासताना गुणगुणायची. ती तिथे बसून काय विचार करते, हे हेल्मेरने कधी विचारलं नाही. कुणी ते विचारावं म्हणून ती तिथे जात नव्हती.

मग एका पानगळीत तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या वसंतात ती वर गेली. तळ्याच्या अलीकडच्या शेवटच्या चढावर वाऱ्याने आणून टाकलेला भुसभुशीत बर्फ कमरेइतका साठतो. त्यात जुनी स्कूटर, जी गाभण म्हशीसारखी जड होती, बसली ती बसलीच. गुनवोरने खणलं, ढकललं, उचलायचा प्रयत्न केला. शेवटी पायांना स्की बांधून ती खाली आली. घरी येऊन कोट टांगला, बटाटे उकडायला ठेवले आणि म्हणाली, "स्कूटर वर आहे. यंदाचे बटाटे पाणचट निघाले."

दुसऱ्या दिवशी हेल्मेर आणि शेजारचा टागे जाऊन स्कूटर घेऊन आले. त्यानंतरच्या वसंतात गुनवोर वर गेलीच नाही. दुकानातून नॉर्वेचा गोठवलेला मासा आणला. प्लास्टिकात गुंडाळलेला, विटेसारखा चौकोनी.

"हाही काही वाईट नाही," ती म्हणाली.

हेल्मेरने तो खाल्ला, ताट विसळलं आणि तो गॅरेजमध्ये गेला. दार आतून लावलं ते तेव्हा.

तिच्याबरोबर वर जाणं, हा सोपा उपाय होता. स्टॉकहोमच्या माणसाला तो पहिल्यांदा सुचला असता. पण जिथे माणूस एकटं जातं तिथे सोबतीला कुणी गेलं की ती जागा उरत नाही, नुसतं तळं उरतं. तिला एकटीने जाता आलं पाहिजे, रुतली तर एकटीने निघता आलं पाहिजे. म्हणजे स्कूटर हलकी हवी. अशी हलकी स्कूटर कोणी विकत नव्हतं. विकतात त्या सगळ्या धट्ट्याकट्ट्या पुरुषांसाठी, ज्यांना रुतायची हौस असते.

दरीत कोसळलेल्या एका डोंगरी स्कूटरचा सांगाडा त्याला मिळाला. त्यात त्याने मुद्दाम लहान इंजिन बसवलं. लहान इंजिन चढावर धापा टाकणार, म्हणून त्याला टर्बो जोडला: इंजिनाच्याच धुराने फिरणारा पंखा, जो इंजिनाच्या तोंडात जास्तीची हवा कोंबतो. मग वजनाला हात घातला. कारखान्याने बसवलेली एकेक वस्तू हातात घेऊन तो तिला जणू विचारायचा, तू कशाला? समाधानकारक उत्तर फार थोड्यांनी दिलं. बैठक अर्धी झाली. पत्र्याच्या जागी त्याने स्वतः साच्यात घातलेलं कार्बन फायबरचं कवच आलं. ज्या धातूच्या पट्ट्यांना भोकं पाडता येत होती त्यांना भोकं पडली. आणि सगळ्यात आधी, ग्रान्सेलेतला कुठलाही शहाणा माणूस जे सगळ्यात आधी काढतो, ते गेलं: सेल्फची मोटर आणि बॅटरी. दोरी ओढून इंजिन चालू होत असताना सेल्फ कशाला?

अवघड प्रश्न वेगळाच होता. हलकी म्हणजे किती हलकी? ते गुनवोरच्या खांद्यावर अवलंबून होतं आणि खांद्याबद्दल विचारायची सोय नव्हती. म्हणून तो चोरून मोजायला लागला. चुलीपाशी ठेवायच्या लाकडांच्या टोपलीत दोन ओंडके जास्त टाकायचे आणि ती मध्येच टेकते का ते बघायचं. सौनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीतल्या, पाण्याची बादली काठोकाठ भरायची आणि वर्तमानपत्राआडून नजर ठेवायची. बायकोचा जोर असा गुपचूप मापून तो गॅरेजमध्ये जायचा आणि स्कूटरला आणखी भोकं पाडायचा. गुनवोरला एवढंच जाणवलं, की नवरा लाकडं फार भरतो.

टागे आठवड्यातून दोनदा दार ठोठावायचा.

"अरे हेल्मेर, आत बाई लपवलीयस का?"

"टर्बो आहे."

"टर्बो! ह्या वयात? शर्यतीत उतरणार वाटतं, चढाच्या?"

"बघू."

"बघू काय! गुडघ्यांना विचारलंस का त्यांना यायचंय का ते?"

"त्यांचं वजन जास्त आहे," हेल्मेर आतून म्हणाला. "त्यांना नेणार नाही."

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की हेल्मेर नीलुंद म्हातारपणी चढाच्या शर्यतीत उतरणार. गुनवोरला ते दुकानात, दुधाच्या फ्रिजपाशी समजलं. तिने घरी येऊन काही विचारलं नाही. जेवताना फक्त म्हणाली, "मृत्युपत्र कुठल्या खणात आहे?"

"वरच्या. का?"

"असंच. बटाटा घे."

दुसरा हिवाळा सरत आला तेव्हा स्कूटर तयार झाली. शिकारमंडळाच्या शेडमध्ये, जिथे मारलेली एल्क हरणं टांगून त्यांचं वजन करतात तिथे, हेल्मेरने तिला आकड्याला लावून वर ओढलं. टागे काट्याकडे बघत राहिला. मग काट्याला बोटाने टिचकी मारली.

"बिघडलाय हा."

"नाही बिघडलेला."

"मग स्कूटरचं मांस गेलं कुठे? ही नुसती हाडं आहेत!" टागे म्हणाला. एवढं कौतुक त्याने स्वतःच्या मुलांच्या लग्नातही केलं नव्हतं.

दुपारी हेल्मेरने स्कूटर अंगणात आणली आणि गुनवोरला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली.

"मागून उचलून बघ."

तिने वाकून डाव्या हाताने धरलं, उजवा नुसता आधाराला लावला. मागची बाजू बर्फातून वर आली. तिने ती खाली ठेवली, परत उचलली. मग नवऱ्याकडे बघितलं. टर्बो, बंद दार, ओंडक्यांची टोपली, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर एकेक करून जागेवर बसत गेलं.

"शर्यत नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"मला वाटलं तू मरायला निघालायस."

"ओढ ना," हेल्मेर दोरीकडे बोट दाखवत म्हणाला. त्याला हा क्षण दोन हिवाळे पाठ होता: ती दोरी ओढणार, टर्बो शिट्टी मारणार, ती हसणार.

गुनवोरने मूठ धरली. कोपर मागे गेलं आणि खांद्याच्या उंचीला अडकलं. तिने दात दाबून पुन्हा ओढलं. दोरी हातभर आली आणि परत गेली. इंजिन खोकलंसुद्धा नाही. तिने डाव्या हाताने ओढून पाहिलं. दोरी उजव्यासाठी बसवलेली, वाकडी येत होती. मग तिने मूठ अलगद जागेवर ठेवली, परक्याच्या घरची वस्तू ठेवावी तशी.

हेल्मेर उभा होता. त्याला अंगण आठवलं, उन्हाळ्यातलं. बर्फ उपसायचा त्याने आणि गवत कापायचं तिने, ही त्यांच्यातली जुनी वाटणी. गवत कापायचं यंत्रही दोरी ओढून चालू करायचं होतं. दोन उन्हाळे गुनवोर म्हणत होती की गवत वाढू दे, मधमाश्यांना फुलं हवीत. गवत गुडघ्याएवढं झालं होतं आणि हेल्मेरने मधमाश्यांवर विश्वास ठेवला होता. ती काय उचलते ते त्याने बादलीबादलीने मोजलं. ती काय ओढू शकत नाही ते त्याच्या खिडकीसमोर वाऱ्यावर डोलत होतं.

"विचारायचं नाही का आधी?" ती म्हणाली.

"तू म्हणाली असतीस, कशाला उगीच."

"म्हणालेच असते."

"मग?"

"मग काय. म्हणून झाल्यावर सांगितलं असतं, दोरी नको."

हेल्मेरने टोपी काढली, आत काही सापडतं का ते बघितलं आणि परत घातली. "सेल्फ बसवतो. वजन वाढेल."

"वाढू दे."

"मग उचलली जाणार नाही तुला."

"उचलायची कुणाला आहे? तू पुरुषांसारखा विचार करतोस. रुतलेली स्कूटर उचलत नाहीत, हेल्मेर, कुशीवर लोळवतात. माझे म्हातारे मी असेच उठवायचे, आधी कुशीवर."

त्याने बुटाने अंगणातला बर्फ सपाट केला. मग जमिनीकडे बघत विचारलं, "सेल्फ लागला तर जाशील वर?"

गुनवोरने तोंडाने श्वास भुर्रकन आत ओढला. ग्रान्सेलेत याला हो म्हणतात. त्यासाठी शब्द वापरायची वेळ फक्त पाद्र्यासमोर येते.

सेल्फ आणि बॅटरी बसली. नंतर एका सकाळी हेल्मेरने ती नवी, दोन हिवाळे खपून केलेली स्कूटर अंगणातल्या ढिगाऱ्यात फावड्याने रीतसर पुरली. गुनवोरने ती खणली, कुशीवर पाडली, खालचा खड्डा पायांनी बुजवला, परत उभी केली आणि चालवत बाहेर काढली.

"पुन्हा पूर," ती म्हणाली.

त्याने पुन्हा पुरली. गावातल्या सगळ्या पडद्यांआड हालचाल होती. टागे कुंपणावर कोपरं टेकून ओरडला, "नको असेल तर मला द्या, पुरता कशाला?"

ऊन स्थिरावल्यावर एका स्वच्छ दिवशी ती निघाली. शेवटच्या बर्च झाडांपर्यंत यायची हेल्मेरला परवानगी होती. तो जुन्या स्कूटरवरून आला. टागे परवानगी न विचारता त्याच्यामागे बसला, कारण दुर्बीण त्याची होती. गुनवोरने कानटोपी खाली ओढली, बटण दाबलं आणि टर्बोची शिट्टी डोंगरावर चढत गेली.

चढ अर्धा झाला आणि शिट्टी थांबली.

दुर्बिणीत मागचा भाग पांढऱ्यात बुडालेला दिसत होता. तीच जागा. हेल्मेर जुन्या स्कूटरवर बसला, अंगठा चावीपाशी गेला.

टागेने त्याची बाही धरली. "मदतीसाठी हात वर केलाय का तिने?"

"नाही."

"मग बस."

वरची ठिपक्याएवढी बाई खणत होती. मग ती सरळ उभी राहिली आणि बराच वेळ तिने काहीच केलं नाही. हेल्मेरला वाटलं, खांदा गेला. खरं तर ती टोपी काढत होती, गरम झालं असावं. मग तिने पाठ लावली, स्कूटर हळूहळू कुशीवर झाली आणि ती खड्ड्यात नाचायला लागली. नाचत नव्हती, बर्फ तुडवत होती, पण दुर्बिणीतून फरक कळत नव्हता. स्कूटर उभी राहिली. काही क्षण गेले, आवाज अंतर कापून उशिरा येतो म्हणून, आणि मग शिट्टी ऐकू आली. ठिपका सरकला, चढाच्या माथ्यावर आकाशाला टेकला आणि पलीकडे उतरला.

टागेने जोरात नाक शिंकरलं. "थंडी," तो म्हणाला. आणि मग, "आपण थांबायचं ना? डबा आणलाय मी."

हेल्मेरला थांबायचंच होतं. परत येताना ती पुन्हा रुतू शकते, बॅटरी गोठू शकते, खांदा दुखू शकतो. त्याने दुर्बीण माथ्यावर धरली. तिथे काहीच नव्हतं.

"ती उतरताना आपण इथे दिसलो," तो शेवटी म्हणाला, "तर तिला कळेल की दिवसभर कुणीतरी बघत होतं."

"मग?"

"मग ती एकटी कुठे गेली म्हणायची?"

टागेने डबा परत पिशवीत घातला. हेल्मेरने दुर्बीण त्याच्या गळ्यात अडकवली, जुनी जड स्कूटर वळवली आणि गावाच्या दिशेने, नेहमीपेक्षा बरीच हळू, चालवायला लागला.