बसाबाईंनी काढलेलं उट्टं

बसाबाईंना मी ओळखत होतो, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजची किल्ली माझ्याकडे होती आणि शेजारच्या लसीकरणाच्या खोलीत अकरा वर्षं त्या आया होत्या. मध्ये एक भिंत. त्यांच्या घरी मी कधी गेलो नाही. त्यांना काय आवडायचं, तेही मला ठाऊक नाही. राग मात्र ठाऊक होता, कारण तो त्यांनी माझ्यापासून लपवला नाही.

तो नोकरीच्या आधीचा. लेक नऊ महिन्यांची झाली तेव्हा गोवराच्या लसीसाठी त्या याच खोलीत आल्या होत्या. पहिल्या बुधवारी कार्ड घरी राहिलं म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या बुधवारी कार्ड आणलं, पण गोवराच्या लसीचं दुसरं मूलच नव्हतं. एका बाटलीत दहा मुलांची लस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. मोठ्या सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "एकटीसाठी बाटली फोडू होय? जा, अजून नऊ घेऊन ये. शेजारणींना सांग, पटापट काढतील." बाकावरच्या बायका हसल्या. भिंतीपलीकडे मीही हसलो असेन. आठवत नाही, पण तेव्हा मोठ्या सिस्टरांच्या विनोदांना मी हसत असे.

तिसरा बुधवार उजाडायच्या आत पोरीला गोवर झाला. जिवावरचं टळलं, डावा कान गेला.

दीड वर्षाने आयाची जागा निघाली आणि बसाबाई कामावर आल्या. मोठ्या सिस्टरांनी त्यांना ओळखलंही नाही. "बरंच झालं," बसाबाई मला नंतर म्हणाल्या, "ओळखलं असतं तर सावध झाली असती."

दारात येणाऱ्या प्रत्येकीला त्या "आधी बसा" म्हणत, म्हणून बसाबाई हे नाव पडलं. बाक त्यांनी उन्हातून आत ओढला. आलेलीला पाणी द्यायच्या. कार्ड विसरलं म्हणून कोणी रडकुंडीला आली, तर रजिस्टर उलथंपालथं करून नोंद शोधायच्या. लोक म्हणायचे, काय मायाळू बाई! मी एकदा तसं बोललो, तर फटकन म्हणाल्या, "माया कसली डोंबलाची! त्या बयेला अकराला घरी जायचं असतं. मी तिला जन्मात अकराला जाऊ देणार नाही."

आणि दिलं नाही. मंगळवारी काम संपलं की त्या गल्ल्या पालथ्या घालायच्या आणि नऊ महिन्यांची पोरं हेरून ठेवायच्या. एका बुधवारी नऊच जमली, तर शिलाईच्या कारखान्याच्या फाटकावर मुकादमाशी भांडून एका आईला कामावरून उठवून, बाळासकट घेऊन आल्या.

"अगं, हा बाजार कुठून गोळा केलास?" मोठ्या सिस्टर वैतागल्या.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, नऊ घेऊन ये."

"मी? कधी?"

बसाबाई नुसत्या हसल्या. त्या दिवशी मोठ्या सिस्टरांना जेवायला तीन वाजले.

आता माझं सांगतो. एक सरकारी आदेश माझ्या फायलीत पडून होता: मूल एकच असलं तरी बाटली उघडावी, कोणालाही परत पाठवू नये. पण वाया गेलेल्या लसींवरून वरचे लोक जाब विचारत. मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "राहू दे फायलीत." मी राहू दिला. बसाबाई कामावर येऊन सात वर्षं झाली, तेव्हा एका दुपारी धीर करून तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तारीख पाहिली. ती त्यांच्या लेकीच्या जन्माआधीची होती.

"हे त्या बयेला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि भाऊ, तुम्हाला?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली. "आधी तिचं बघते. मग तुमचं."

मोठ्या सिस्टरांची निवृत्ती जवळ आली होती आणि दोन वर्षांची मुदतवाढ जवळपास हातात होती. बसाबाईंनी एक्केचाळीस मुलांच्या आयांकडून लिहून आणलं, कोण किती वेळा परत गेली आणि किती लांबून आली होती. वर तो आदेश जोडला आणि स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मुदतवाढ बारगळली. निरोपसमारंभही झाला नाही.

शेवटच्या दिवशी मोठ्या सिस्टर खोलीतलं सामान न्यायला आल्या. बसाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आधी बसा. आत बायका आहेत, त्यांचं होऊ दे." पाऊण तास बाकावर बसवलं. पाणी विचारलं नाही.

"मी तुझं काय वाकडं केलं गं?" सिस्टर शेवटी म्हणाल्या.

"माझ्या लेकीला विचारा. फक्त उजवीकडून विचारा, डावीकडून तिला ऐकू येत नाही."

सिस्टर गेल्यावर मी चाचरत विचारलं, "निवलं का मन?"

"कुठलं! तुमचं राहिलंय ना."

पुढच्या बुधवारी त्यांनी माझी खुर्ची उचलून लसीकरणाच्या दारात ठेवली. येणाऱ्या प्रत्येक आईला मी "या, बसा" म्हणायचं, मान वर करून. दूधवाल्याशीही धड दोन शब्द न बोलणारा माणूस मी! पहिल्या दिवशी असा घाम फुटला की एका आईने मलाच विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" आत बसाबाई खो खो हसत होत्या. चार वर्षं, दर बुधवारी. लोकांना वाटायचं, किती अगत्य आहे इथे! ती शिक्षा होती, हे आम्हा दोघांनाच माहीत.

मग मीही निवृत्त झालो. त्यानंतर आमची गाठ पडली नाही. माझ्या शेवटच्या बुधवारीही त्या वेगळं काही बोलल्या नाहीत. पायरीवर एक आई बाळाला घेऊन घुटमळत होती.

"भाऊ, तुमचा आवाज येत नाही!" आतून ओरडल्या.

"या, बसा," मी म्हणालो.

"पाणी विचारलंत?"

"विचारतो."