मान न हलवणारे मामा

बोलताना मामांची मान कधी हलायची नाही. होकार असो की नकार, मान आपली ताठ. औरंगपुऱ्यात त्यांच्या घराखाली चहाचं दुकान होतं. त्या चहावाल्याला कित्येक दिवस वाटायचं की यांना मणक्याचा आजार आहे. एकदा त्यानं चांगल्या मनानं एका डॉक्टरचा पत्ता दिला, तेव्हा मामा भडकले. "आजार नाय मला. बारा वर्षं अमेरिकेच्या टीव्हीवर मान हलवलीय मी. आता बास."

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ, मूळचे कन्नडजवळच्या पिशोर गावचे. बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातला हुशार मुलगा इंजिनिअर व्हायला अमेरिकेला गेला, नोकरीला लागला आणि हौशी नाटकं करता करता तिथल्या मालिकांमध्ये बारीकसारीक कामं करू लागला. साठीला आल्यावर ते परत आले. गल्लीनं त्यांना 'हॉलिवूड मामा' म्हणायला सुरुवात केली आणि त्यांच्या चिडण्याला कायमचं निमित्त मिळालं. "हॉलिवूड कसलं? मी दार उघडायचो आणि म्हणायचो, साहेब आत आहेत."

त्यांच्या कामांची यादी ते रागानं बोटांवर मोजत. गारुडी, महाराजांचा नोकर, विमान पळवणारा, पुन्हा नोकर. शेवटी पडद्यावर येणाऱ्या नावांत 'दुकानदार', नाहीतर 'दुसरा दुकानदार'. इंग्रजी मात्र त्यांनी घासून घासून इतकं स्वच्छ केलं होतं, की फोनवर ते तिथलेच वाटत. तेच नडलं. दिग्दर्शक म्हणाला, उत्तम, आता तुमच्या पद्धतीनं बोला. हे म्हणाले, हीच माझी पद्धत. मग त्यांना शिकवायला एक बाई नेमली. ती ओहायोची, हिंदुस्थान तिनं कधी पाहिलेला नव्हता. "ती मला हिंदुस्थानी माणूस कसा बोलतो, मान कशी हलवतो ते शिकवायची. चुकलं की ओरडायची. आणि मी, पिशोरचा माणूस, पाठ करत बसायचो!" हे सांगताना त्यांना हसू येत नसे. आम्ही हसलो तर जास्तच चिडत.

तिथं त्यांचा एक मित्र होता, वयानं बराच मोठा. चिनी आईबापांचा, पण जन्म कॅलिफोर्नियातला, चिनी भाषेचा गंध नाही. आयुष्यभर त्यानं पडद्यावर धोबी आणि स्वयंपाकी केले, अडखळत्या इंग्रजीत. घरी तो सुरेख इंग्रजी बोलायचा. "टीव्हीवर चाळीस वर्षं तो इंग्रजी शिकतच राहिला," मामा म्हणत. "आणि चिनी माणसाचं मोठं काम आलं, की गोऱ्याच्या डोळ्यांना चिकटपट्ट्या लावायचे. आमचा म्हातारा त्याच्यासमोर चहा घेऊन उभा."

एकदा मामांना डॉक्टरचं काम मिळालं. दोन पानांचा प्रवेश, पात्राला चक्क नाव. त्यांनी पिशोरला पत्र टाकलं, वडिलांनी गावभर पेढे वाटले. चित्रीकरणाच्या सकाळी त्यांना सांगण्यात आलं, डॉक्टर दुसरा कुणी करेल, तुम्ही खोली पुसणारा करा. वाक्य एकच आहे, पण सोपं आहे.

"मग तुम्ही निघून आलात?" मी विचारलं होतं.

"नाय. पुसली खोली." मग म्हणाले, "वडील प्रत्येक पत्रात विचारायचे, डॉक्टर कधी दिसणार? मी कळवलं, प्रवेश कापला. ते गेले तेव्हाही त्यांना तेच माहीत होतं."

हे ठाऊक असूनही मी त्यांना तालमीला बोलावलं, हा माझाच मूर्खपणा. मी तेव्हा कॉलेजात होते, युवक महोत्सवासाठी एकांकिका लिहिली होती. त्यात एक विनोदी धनगर होता. बोबडा, भोळा, शहरात येऊन लिफ्टला घाबरणारा. ते काम सोपान करत होता. तो कन्नड तालुक्यातला, घरी मेंढरं होती, आमच्यात सगळ्यात चांगला नट. पहिल्याच प्रवेशात सगळे पोट धरून हसले. मामा उठून उभे राहिले.

"कुणी लिहिलं हे?"

"मी, मामा."

"किती धनगरांच्या घरी गेलीस तू?"

"विनोदी आहे ते. लोक हसतात."

"तिकडंही लई हसायचे." मग ते सोपानकडे वळले. "तुझ्या घरी बोलतं का असं कुणी?"

सोपाननं घोंगडी खांद्यावरून काढली, नीट घडी केली. "नाय, मामा. आमच्यात कुणीच असं बोलत नाय. पण दुसरं काम कोण देतंय मला?"

मामा एकदम खाली बसले. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी आम्ही तिघं एसटीनं सोपानच्या गावी गेलो. त्याचे वडील दिवसभरात फार थोडं बोलले. एका आजारी मेंढीची नाडी त्यांनी ज्या शांतपणानं पाहिली आणि आम्हाला जेवू घालताना जी चौकशी केली, त्यातलं काहीच माझ्या लिखाणात नव्हतं. परत येऊन मी पात्र नव्यानं लिहिलं. धनगर बोबडा राहिला नाही, लिफ्टमध्ये चढला आणि त्यानं शहरातल्या डॉक्टरशी बरोबरीनं वाद घातला. सोपाननं ते असं केलं, की सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी सांगितलं, अभिनय ठीक, पण हा धनगर वाटतच नाही. मामा परीक्षकांशी भांडायला निघाले, त्यांना आवरताना आमच्या नाकी नऊ आले. "अरे, धनगरच आहे तो!" ते पायऱ्यांवरून ओरडत होते. परीक्षक गाडीत बसून निघून गेले.

मामा गेल्या वर्षी गेले. दहाव्याला सोपान मुंबईहून आला. तिथं तो मोबाइलच्या दुकानात काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी मालिकांच्या निवड चाचण्या देतो. महिनाभर आधीच त्याला वॉचमनचं काम मिळालं होतं. मराठवाड्याचा टोन अजून गमतीशीर करा, असं सांगितल्यावर हा म्हणाला, माझ्या गावात असं बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरा वॉचमन आला.

"मामांचा राग येतो का रे?" मी विचारलं.

"लई येतो, ताई. सोपं काम होतं. त्यांनी अवघड करून ठेवलं."

मलाही येतो. मी आता मालिका लिहिते. एखाद्या बंगल्याचं दार उघडायला मोलकरीण लागते, तिला एक वाक्य लागतं, आणि मी अडते. ही कुठली, घरी कशी बोलते, कशावर चिडते, हे ठरवण्यात सकाळ निघून जाते. निर्माते फोनवर ओरडतात, बाई, दार उघडायचंय फक्त! त्यांचंही बरोबरच असतं. फोन ठेवल्यावर मी मामांवर मनापासून चिडते, सुनावायला चार वाक्यंही तयार करते. मग आठवतं, ऐकायला ते नाहीत. तेवढ्यात मोलकरणीसाठी नाव सुचतं आणि मी तिचं वाक्य लिहून टाकते.